मेंदूची परीक्षा

"साठी बुद्धी नाठी" ही म्हण आपण सर्वांनी ऐकली आहे. म्हातारे माणूस विसरू लागले की घरचे लोक हसतात व सोडून देतात. पण सगळेच विसरणे वयाचे नसते. लकव्याने, डोक्याला मार लागल्याने किंवा एखाद्या रोगानेही मेंदूचे काम बिघडते.

हे ओळखावे कसे? यंत्राने मेंदूचे चित्र काढता येते. पण धानाची लोंबी वरून भरलेली दिसली, तरी दाणा भरला की पोचट आहे, हे दाबूनच कळते. तसेच मेंदूचे आहे. तो काम कसे करतो, हे प्रश्न विचारूनच कळते.

अशी एक परीक्षा १९७५ साली अमेरिकेत डॉक्टर फोलस्टीन व त्यांच्या सोबत्यांनी तयार केली. तिला ३० गुण असतात. आज वार कोणता? आपण कोठे आहोत? तीन शब्द ऐका व थोड्या वेळाने सांगा. शंभरातून सात-सात वजा करा. ही ओळ वाचा व तसे करा. एक वाक्य लिहा. कोणत्या प्रश्नाने आठवण कळते, कोणत्याने लक्ष, कोणत्याने भाषा.

आता सांगा, जो शाळेतच गेला नाही, त्याने वाचावे कसे? त्याचे गुण कमी होणारच. म्हणून त्याचा मेंदू बिघडला काय? मुळीच नाही! अक्षर न येणे वेगळे आणि मेंदू बिघडणे वेगळे.

ही अडचण हरियाणातील बल्लभगढच्या खेड्यांत डॉक्टर मेरी गांगुली व त्यांच्या सोबत्यांनी सोडविली. त्यांची हिंदी परीक्षा १९९५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात आंबा, खुर्ची व नाणे हे तीन शब्द लक्षात ठेवायचे असतात. वजाबाकीऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायचे. ओळ वाचण्याऐवजी, तपासणारा डोळे मिटतो, तसेच आपण करायचे. झाली परीक्षा!

आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या एखाद्या आजीला तारीख सांगता येत नाही. पण रोवणी झाली की धान कापणीला आले, हे तिला पक्के ठाऊक असते. तेही तिला सांगता येईनासे झाले, नेहमीची वाट चुकू लागली, तर हयगय करू नका. तिला सरकारी दवाखान्यात न्या. ती किती शिकली, तिला ऐकू येते काय, दिसते काय, हे डॉक्टरांना खरे सांगा. त्यात लाज कसली?

आम्ही पुष्कळ वर्षे मुलांच्या परीक्षा घेतल्या. तेथे पास-नापास असते. येथे तसे नाही. गुण कमी पडले, तर पुढे रक्त वगैरे तपासतात. काही विसरणे ब-१२ जीवनसत्त्व कमी पडल्याने किंवा गळ्यातील थायरॉईड ग्रंथी मंदावल्याने होते. वेळीच औषध मिळाले, तर ते सुधारू शकते.

मात्र तोंड एकाएकी वाकडे झाले, हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर परीक्षेची वाट पाहू नका. ताबडतोब मोठा दवाखाना गाठा.

सांगा पाहू :
१. अक्षर न येणे आणि मेंदू बिघडणे, यांत फरक काय?
२. शनिवारपासून वार उलटे म्हणा.