पैसे निघाले, पण पोचले नाहीत

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करते. आईबाबा गावी, रत्नागिरी जिल्ह्यात असतात. सोमवारी सकाळी मोबाइलवरून बाबांच्या खात्यात आयएमपीएसने २०,००० रुपये पाठवले. माझ्या खात्यातून ते लगेच वजा झाले, तसा मेसेजही आला. आज शुक्रवार, बाबांच्या खात्यात अजून एक रुपया जमा नाही. माझ्या बँकेत विचारलं तर म्हणतात, ‘आमच्याकडून गेलेत, पलीकडे विचारा.’ बाबांचं खातं लहानशा सहकारी बँकेत आहे. तिथले म्हणतात, ‘आमच्याकडे आलेच नाहीत.’ दोघंही खरं बोलत असतील तर मग पैसे आहेत कुठे? आणि ते परत मिळतील का?
— एक वाचक भगिनी, पुणे

उत्तर : मिळतील. शिवाय उशिराबद्दल दिवसाला १०० रुपये भरपाईही तुम्हाला मिळायला हवी. हे आधीच सांगून टाकतो, कारण चार दिवस तुमच्या जिवाला घोर लागला असणार. आता ‘पैसे आहेत कुठे’ या प्रश्नाकडे येतो. दोन्ही बँका खरोखरच खरं बोलत असू शकतात, म्हणून तो मला फार महत्त्वाचा वाटतो.

गिरणगावातला कामगार कोकणात घरी मनीऑर्डर करायचा, ते दिवस आठवा. पोस्टमन दारात येऊन पैसे मोजून द्यायचा, आईची सही किंवा अंगठा घ्यायचा आणि तो पोचेचा कागद उलट मुंबईला यायचा. पैसे मिळाले याची खात्री त्या अंगठ्यानेच व्हायची. आजच्या व्यवहारातही हे दोन प्रवास आहेत, एक जाण्याचा आणि एक पोच परत येण्याचा. फरक इतकाच, की आता नोटा जात नाहीत, फक्त निरोप जातो.

तुमच्या बँकेने आधी तुमच्या खात्यावर २०,००० नावे टाकले. मग नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या यंत्रणेतून निरोप निघाला, की अमुक खात्यात इतकी रक्कम जमा करा. पलीकडच्या बँकेने ती जमा करून ‘झाली’ असं उलट कळवायचं. हे सगळं काही सेकंदांत उरकतं. दोन बँकांमधला खरा देण्याघेण्याचा हिशेब त्यानंतर, एकत्रित होतो.

आता समजा, ती पोच परत आलीच नाही. तुमच्या बँकेपुढे दोन शक्यता उरतात. बाबांच्या खात्यात पैसे जमा झाले पण उत्तर वाटेत हरवलं, किंवा जमाच झाले नाहीत. संगणकाला दोन्ही सारखीच दिसतात. बँकेने लगेच पैसे परत दिले आणि बाबांकडेही ते जमा झालेले निघाले, तर २०,००० चे ४०,००० होतील. म्हणून बँक थांबते आणि दोन्ही बाजूंच्या नोंदींचा मेळ घालून मगच निर्णय होतो. तोवर ती रक्कम हिशेबात अधांतरी असते. बँकेतले लोक म्हणतात, ‘सस्पेन्सला पडलीय.’ ती कोणाच्या खिशात गेलेली नसते, तिची जमा-नावेची जोडी तेवढी पुरी व्हायची असते.

तुमच्या बाबतीत आणखी एक घर मध्ये असण्याचा संभव आहे. अनेक लहान सहकारी बँका या यंत्रणेला थेट जोडलेल्या नसतात. त्या एखाद्या मोठ्या बँकेच्या आधाराने जोडलेल्या असतात. तिला प्रायोजक बँक म्हणतात. निरोप आधी तिच्याकडे येतो आणि तिथून गावच्या बँकेकडे जातो. या शेवटच्या टप्प्यात तो अडकला, तर गावच्या शाखेतला माणूस प्रामाणिकपणे ‘आलेच नाहीत’ म्हणेल आणि पुण्यातला माणूस तितक्याच प्रामाणिकपणे ‘गेलेत’ म्हणेल. त्या दोघांच्या मध्ये एका मुलीने मात्र फोन करत बसायचं, हे मला अजिबात मान्य नाही. नियमालाही ते मान्य नाही.

रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ ला काढलेलं एक परिपत्रक आहे. त्यानुसार आयएमपीएसमध्ये खात्यातून रक्कम वजा झाली आणि पलीकडे जमा झाली नाही, तर जास्तीत जास्त दुसऱ्या दिवसापर्यंत ती आपोआप परत यायला हवी. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. दिवस कॅलेंडरचे मोजायचे, सुट्टीची सबब चालत नाही. तुमचे पैसे मंगळवारी परत यायला हवे होते. बुधवार, गुरुवार, शुक्रवार धरले तर आजवरची भरपाई ३०० रुपये झाली. ती ग्राहकाने मागायची वाट न पाहता बँकेने स्वतःहून द्यायची असते. यूपीआयने माणसाकडून माणसाला पैसे पाठवले तरी हीच मुदत आहे. दुकानदाराला दिलेले अडकले, किंवा एटीएममधून नोटा न येताच पैसे कापले गेले, तर ही मुदत पाच दिवसांची आहे.

आज करायचं ते एवढंच. आधी बाबांचं पासबुक पुन्हा भरून घ्या, नाहीतर शिल्लक तपासा. रक्कम जमा होऊनही मेसेज न येणं बरेचदा घडतं. तसं नसेल तर तुमच्या व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक शोधा. आयएमपीएस आणि यूपीआयमध्ये तो असतोच. मग तुमच्याच बँकेत लेखी तक्रार द्या. बाबांना त्यांच्या बँकेत खेपा घालायला लावू नका. पैसे तुमच्या खात्यातून निघाले आहेत, तेव्हा पलीकडच्या बँकेशी बोलणं हे तुमच्या बँकेचं काम आहे. अर्जात तारीख, वेळ, रक्कम, संदर्भ क्रमांक आणि २०१९ च्या त्या परिपत्रकाचा उल्लेख करा. ‘सर्व्हर डाऊन होता’ असं तोंडी उत्तर मिळालं तर ते लेखी मागा.

पैसे पाठवायचा दुसरा मार्ग म्हणजे एनईएफटी. त्याची चाल थोडी वेगळी आहे. ते दर अर्ध्या तासाला गठ्ठ्याने जातं आणि १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालू आहे. गठ्ठा निघाल्यावर दोन तासांत पलीकडच्या बँकेने पैसे जमा करायचे किंवा परत पाठवायचे. उशीर झाला तर रेपो दरावर दोन टक्के या हिशेबाने व्याज द्यायचं. एनईएफटीत जमा झाल्याची पोच पाठवणाऱ्याला कळवण्याची सोयही आहे. म्हणून रक्कम मोठी असेल आणि घाई नसेल तेव्हा मी स्वतः तोच मार्ग धरतो.

आता तुम्ही न विचारलेलं, पण खरोखर अवघड असं प्रकरण. निरोप नीट गेला, पण खाते क्रमांकच चुकला तर? मी एकदा घाईत दोन आकडे उलटे टाकले होते. नाव बरोबर लिहिलंय, तेव्हा बँक अडवेल असं मला वाटलं. तिने अडवलं नाही. ऑनलाइन व्यवहारात रक्कम फक्त खाते क्रमांक पाहून जमा केली जाते, नाव ताडून पाहत नाहीत. हा नियम २०१० चा आहे. आपल्याकडे सगळ्या बँकांच्या खाते क्रमांकांची लांबीही एकसारखी नाही, त्यामुळे एक आकडा चुकला तरी तो दुसऱ्या कुणाचा खरा क्रमांक निघू शकतो. माझा निघाला. पलीकडच्या बँकेला त्या माणसाच्या संमतीशिवाय पैसे काढून घेता येत नाहीत. बँकेने त्याला पत्र लिहिलं, तो भला माणूस होता, पैसे परत आले. मधले तीन आठवडे मला नीट झोप नव्हती.

तो नाही म्हणाला असता तरी कायदा माझ्या बाजूने होता. भारतीय करार कायदा, १८७२ याचं कलम ७२ सांगतं, की चुकून मिळालेले पैसे परत केलेच पाहिजेत. पण त्यासाठी वकिलाची नोटीस, मग दिवाणी दावा असा लांबचा रस्ता आहे. त्यापेक्षा १ एप्रिल २०२५ पासून एनईएफटी आणि आरटीजीएससाठी बँकांनी द्यायची सोय वापरा. क्रमांक आणि आयएफएससी टाकला की खातेदाराचं नाव पडद्यावर येतं. ते वाचा, मगच पुढचं बटण दाबा. आणि देना बँकेसारख्या विलीन झालेल्या बँकेच्या जुन्या पासबुकावरचा आयएफएससी कोड वापरू नका.

एक कळकळीची विनंती. अडकलेले पैसे सोडवण्यासाठी इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’ नंबर शोधू नका. नेमक्या अशा घाबरलेल्या माणसांसाठी ठगांनी तिथे खोटे नंबर पेरून ठेवलेले असतात. नंबर पासबुकावरचा, कार्डामागचा किंवा बँकेच्या ॲपमधलाच घ्या. परतावा मिळवायला पिन किंवा ओटीपी कधीच लागत नाही. असा कोणी गंडा घातलाच, तर तो वेगळा प्रकार झाला. तेव्हा अर्ज लिहीत बसू नका, त्याच क्षणी सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा.

तुमच्या बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर मोफत तक्रार करता येते, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. बाबांचं खातं बँकेत आहे, हे बरं. पतसंस्थेत असतं आणि चूक तिच्याकडची निघाली असती, तर लोकपालाचा उपयोग नव्हता. पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात, तिथे निबंधकाकडे जावं लागतं.

हे तीस दिवस तुम्ही तक्रार दिल्यापासून मोजले जातात, काउंटरवर तोंडी विचारल्यापासून नाही. म्हणून अर्जाच्या दोन प्रती न्या. एक त्यांना द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.