सावड, श्रोतृमंडळ आणि भ्रमणध्वनी : गावातील परस्परसाहाय्याची घडण

शेती हा एकट्याने करावयाचा व्यवसाय नव्हे. पाऊस पडून वाफसा आला की अवघ्या गावाला एकाच वेळी पेरणी करावयाची असते. भाताची रोपे लावणीस आली की प्रत्येक घराला त्याच आठवड्यात माणसे हवी असतात. ज्याच्या घरी बैल नाहीत, माणूसबळ थोडे आहे किंवा ऐन वेळी आजारपण आले आहे, त्याचा हंगाम चार दिवसांच्या दिरंगाईने हातचा जातो. ही अडचण ओळखूनच आपल्या पूर्वजांनी परस्परसाहाय्याच्या काही रीती पाडल्या.

आज बहुतेक घरांत भ्रमणध्वनी आला आहे. गावोगावी व्हॉट्सॲपवर शेतकऱ्यांचे गट आहेत आणि एका बांधावरचा निरोप क्षणार्धात शंभर घरी जातो. तथापि निरोप पोहोचला म्हणजे मदत पोहोचली, असे होत नाही. या दोहोंमधील अंतर कसे भरून काढावे, याचा विचार ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी व शेतकरी बांधवांनी करणे अगत्याचे आहे.

सावड आणि इर्जिक

सावड म्हणजे श्रमाची उसनवार होय. आज चार घरची माणसे एकाच्या शेतात राबतात, उद्या तीच माणसे दुसऱ्याच्या शेतात जातात. मजुरी कोणी कोणास देत नाही. दिवसाची फेड दिवसाने होते. कोणास येणे अशक्य झाले, तर त्याने बदली माणूस पाठवावा असा संकेत असतो. हिशेब कागदावर नसला तरी तो सर्वांच्या ध्यानात असतो. बैलांचीही सावड होते. एक बैल बाळगणारे दोन शेतकरी मिळून एक जोडी करतात व दोघांचीही शेते पाळीपाळीने वाहतात.

इर्जिकीची रीत निराळी आहे. एखाद्याची पेरणी वा नांगरट मागे पडली, तर गावकरी आपापली औते घेऊन एक दिवस त्याच्या शेतात उतरतात व काम उरकून देतात. ज्याचे काम असते तो यथाशक्ती जेवण घालतो. येथे दिवसाला दिवस असा काटेकोर हिशेब नसतो. ज्यास परतफेड करणे कठीण आहे, त्यालाही इर्जिकीचा आधार मिळतो. पुणे जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात डोंगरउतारावर भातखाचरे तयार करण्यासाठी चालणारी 'पडकई' हीदेखील याच जातीची प्रथा होय.

ट्रॅक्टर आले, रोख मजुरीची चाल पडली, घरातील तरुण शहरात गेले. त्यामुळे या रीती अनेक ठिकाणी मागे पडल्या. परंतु त्यांच्या मुळाशी असलेले दोन नियम आजही तितकेच उपयोगी आहेत. पहिला नियम असा की, जो घेतो त्याने दिलेही पाहिजे. दुसरा असा की, ज्यास देणे शक्य नाही त्यासही सोडून द्यावयाचे नाही.

१९५६ सालचा एक धडा

दूरवरून आलेल्या निरोपाचा गावाने कसा उपयोग करावा, हा प्रश्न नवा नाही. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. तत्कालीन मुंबई राज्यातील पाच मराठी भाषिक जिल्ह्यांत सुमारे १५० गावांतून ग्रामीण श्रोतृमंडळे स्थापन करण्यात आली. आठवड्यातून दोन वेळा, प्रत्येकी अर्ध्या तासाचे, असे एकंदर २० कार्यक्रम प्रसारित झाले. मंडळाचे सभासद एकत्र बसून कार्यक्रम ऐकत. ध्वनिक्षेपण संपल्यावर चर्चा होई, आपल्या गावी काय करता येईल हे ठरे आणि जे प्रश्न उरत ते केंद्राकडे पाठविले जात. त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून दिली जात. ऐकणे, चर्चा करणे आणि कृती करणे हे त्या प्रयोगाचे सूत्र होते.

टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली. तुलनेसाठी मंडळ नसलेली गावेही निवडली होती. त्यांपैकी काहींत रेडिओ होता, काहींत नव्हता. पाहणीत असे दिसून आले की, जेथे मंडळ बसत होते तेथील लोकांच्या ज्ञानात मोठी भर पडली. जेथे रेडिओ होता परंतु मंडळ नव्हते, तेथे ही भर त्या मानाने अल्प होती. यंत्र दोन्हीकडे होते, बैठक मात्र एकीकडेच होती. पुढे १९५९ साली ही योजना देशाच्या इतर भागांतही नेण्यात आली.

भ्रमणध्वनीवरील गट चालविणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने हा धडा ध्यानात ठेवावा. गटात रोज पन्नास निरोप येत असतील आणि आठवड्यातून एकदाही चार माणसे पारावर, समाजमंदिरात वा शेतीशाळेत एकत्र बसत नसतील, तर तो गट मंडळ नसलेल्या रेडिओसारखाच होय.

प्रश्न कसा विचारावा

गटात पुष्कळदा एखाद्या पानाचे अस्पष्ट छायाचित्र येते व खाली लिहिलेले असते, "काय फवारू?" अशा प्रश्नास दहा जण दहा उत्तरे देतात आणि विचारणारा अधिकच गोंधळतो. मक्यावरील लष्करी अळीचे उदाहरण घेऊ. मूळची अमेरिका खंडातील ही कीड भारतात प्रथम २०१८ साली कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातील मक्यावरही दिसून आली. किडीची ओळख नवी असल्याने शेतकऱ्यांना एकमेकांस विचारण्यावाचून गत्यंतर नव्हते.

अशा वेळी प्रश्नासोबत तीन छायाचित्रे द्यावीत : संपूर्ण झाडाचे, पोंग्याचे आणि अळीचे जवळून घेतलेले. लष्करी अळीच्या डोक्यावर इंग्रजी वाय अक्षराच्या उलट आकाराची खूण असते आणि शेपटीकडील भागावर चार काळे ठिपके चौकोनात असतात. या खुणा छायाचित्रात स्पष्ट आल्यास ओळख पटविणे सोपे जाते. त्याचबरोबर पेरणीची तारीख, वाण, यापूर्वी केलेली फवारणी आणि प्रादुर्भावाचे प्रमाण कळवावे. प्रमाण काढण्यासाठी शेताच्या पाच निरनिराळ्या ठिकाणची प्रत्येकी १० झाडे पाहावीत आणि ५० पैकी किती झाडांच्या पोंग्यात अळी वा ताजी विष्ठा आढळली, ते लिहावे.

उत्तर देणाऱ्यानेही संयम राखावा. आपण स्वतः केलेला उपाय आणि आपण केवळ ऐकलेला उपाय यांतील भेद त्याने स्पष्ट सांगावा. अंडीपुंज वेचून नष्ट करणे, कामगंध सापळे लावणे, सुरुवातीच्या काळात ५ टक्के निंबोळी अर्काची फवारणी करणे, हे उपाय शेजाऱ्याने शेजाऱ्यास सांगण्यास हरकत नाही. रासायनिक औषधाचे नाव व प्रमाण मात्र कृषी विद्यापीठाच्या शिफारशीवरून, कृषी विभागाच्या कर्मचाऱ्याकडून वा डब्यावरील माहितीपत्रकावरूनच घ्यावे. २००४ सालापासून चालू असलेल्या किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतून सल्ला मिळतो. मिळालेले उत्तर गटात लिहावे, म्हणजे एकाचा प्रश्न अनेकांच्या उपयोगी पडेल.

आठ दिवसांनी परिणाम कळविणे हा या व्यवहारातील परतफेडीचा भाग होय. सावडीत दिवसाची फेड दिवसाने होते, तशीच येथे सल्ल्याची फेड अनुभवाने व्हावी. उपाय फसला असेल तर तेही लिहावे. त्यामुळे दुसऱ्याचा खर्च वाचतो.

चुकीच्या निरोपाचे मोल

२०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. फवारणीच्या बाबतीत निष्काळजीपणाचे मोल किती असते, हे त्या हंगामाने दाखवून दिले. दोन-तीन औषधे एकत्र मिसळावीत, प्रमाण दुप्पट करावे, अशा आशयाचा निरोप कोठूनही आला तरी तो पुढे पाठवू नये. पाठविणाऱ्यास तो निरोप म्हणजे बोटाचे एक दाबणे असते. शेतात पंप पाठीवर घेणाऱ्याच्या तो जिवावर बेतू शकतो.

फवारणीच्या दिवशी गटाने आपला उपयोग दाखवावा. कोणीही एकट्याने फवारणी करू नये. शेजारच्या शेतात कोणी आहे याची खात्री करून घ्यावी. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये. मळमळ, चक्कर, अंधारी वा श्वास घेण्यास त्रास जाणवल्यास काम तत्काळ थांबवावे. बाधिताचे दूषित कपडे काढून अंग साबणाने व भरपूर पाण्याने धुवावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि औषधाचा डबा वा त्यावरील माहितीपत्रक डॉक्टरांना दाखविण्यासाठी सोबत न्यावे.

फसवणुकीचा धोकाही ध्यानी घ्यावा. शासकीय योजनेच्या नावाने एखादी फाइल वा दुवा येतो. तो उघडताच भ्रमणध्वनीतील माहिती परक्याच्या हाती जाऊन बँकेतील पैसे जाण्याचा संभव असतो. असा निरोप आल्यास तो न उघडता गटात सावधगिरीची सूचना द्यावी. पैसे गेलेच, तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. फसलेल्या माणसास हसू नये. हसण्याच्या भयाने तो गप्प राहतो आणि दुसरेही तसेच फसतात.

घरातील माणसे आणि निरोप

भ्रमणध्वनी बहुधा घरातील एका पुरुषाच्या खिशात असतो. खुरपणी, वेचणी व लावणी करणाऱ्या स्त्रियांच्या नजरेस कीड पुष्कळदा आधी पडते. परंतु गटात त्यांचे नाव नसते. महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळाची स्थापना १९७५ साली झाली आणि पुढे बचत गटांचे जाळे गावोगावी पसरले. बचत गटाची मासिक बैठक हे तयार श्रोतृमंडळच आहे. कार्यकर्त्याने महिन्यातील महत्त्वाचे निरोप त्या बैठकीत वाचून दाखवावेत आणि भगिनींचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत गटात मांडावेत.

ज्या घरी भ्रमणध्वनी नाही, किंवा आहे परंतु वृद्धांस वाचता येत नाही, अशा घरांची यादी करावी. प्रत्येक पाच घरांमागे एक निरोप्या नेमावा. विजेचे उदाहरण घेतल्यास याचे महत्त्व कळेल. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सिद्ध केलेल्या 'दामिनी' या ॲपवर वीज पडण्याच्या संभवाची सूचना मिळते. सूचना गावात येते, परंतु गुराखी माळावर असतो. तेथवर हाक मारीत जाणारा माणूस ठरलेला असेल, तरच त्या सूचनेचा उपयोग. आणि गुराख्यास झाडाखाली उभे राहू नये हे आधीपासून ठाऊक असले पाहिजे.

गप्प झालेले घर

गटाची खरी कसोटी याहूनही कठीण प्रसंगी लागते. नापिकी, कर्ज, आजार वा घरातील कलह यांनी खचलेला माणूस आपले दुःख शंभर जणांसमोर लिहीत नाही. तो हळूहळू बोलेनासा होतो. नेहमी बाजारभाव कळविणारा एकाएकी थांबतो, बैठकीस येत नाही, शेताकडे फिरकत नाही. अशा वेळी गटात त्याच्याविषयी चर्चा करू नये आणि नुसता धीराचा निरोपही पाठवू नये. त्याच्या विश्वासातील एका-दोघांनी त्याच्या घरी जावे, ओसरीवर बसावे, चहा घ्यावा आणि त्याचे ऐकून घ्यावे. उपदेश करण्याची घाई करू नये.

त्यानंतर जे काम अडले असेल त्यासाठी इर्जिक घालावी. राहिलेली पेरणी, गुरांची वैरण, दवाखान्यात सोबत, बँकेत कागदपत्रांसाठी खेप, यांपैकी काहीही असू शकेल. जीव नकोसा झाल्याची भाषा त्याच्या तोंडी आल्यास ती थट्टेवारी नेऊ नये. त्यास एकटे ठेवू नये, कीटकनाशके त्याच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवावीत आणि डॉक्टरांकडे न्यावे. २०२२ साली चालू झालेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक आधारासाठी निःशुल्क सल्ला मिळतो.

कार्यकर्त्यांसाठी सूचना

१. गट एका गावापुरता वा एका पिकापुरता ठेवावा. सभासद एकमेकांस ओळखणारे असावेत.

२. शेतीव्यतिरिक्त राजकीय मजकूर, अफवा व जाहिराती यांस मज्जाव असावा. हा नियम सर्वांच्या संमतीने ठरवावा.

३. आठवड्याचा एक वार बैठकीसाठी निश्चित करावा. न सुटलेले प्रश्न तेथे घ्यावेत आणि शक्य तेव्हा बैठक प्रत्यक्ष बांधावर भरवावी.

४. औते, फवारणी पंप, बियाणे व माणूसबळ यांच्या देवाणघेवाणीची एक वही ठेवावी. कोणी काय दिले व काय घेतले, हे सर्वांस पाहता यावे.

५. महिन्यातून एकदा वही पाहून, जे घर ना देते ना घेते, त्या घरी कार्यकर्त्याने स्वतः जावे.

समारोप

वरील सूचनांपैकी अखेरची सूचना सर्वांत महत्त्वाची मानावी. जे मागतात त्यांना मदत देणे कोणत्याही गटास जमते. ज्यांना मागणे जमत नाही, त्यांच्यापर्यंत जाण्यासाठी मात्र चपला घालून घराबाहेर पडावे लागते. येत्या हंगामापूर्वी प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गटाची एक बैठक घ्यावी, निरोप्ये नेमावेत आणि सावडीची वही उघडावी. पहिल्या पावसानंतर मागे राहिलेल्या एका जरी घराची पेरणी गावाने मिळून उरकली, तर त्या गटाचे सार्थक झाले असे समजावे.