आजी नाव विसरते, अभंग विसरत नाही

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातले नेवासे तुम्हांला ठाऊक असेल. इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी तेथेच सांगितली गेली. या मुलखात आजही कित्येक गावांच्या देवळांत सांजवेळी टाळ वाजतात, हरिपाठ होतो. समजा, लहानपणापासून तेथे बसणारी एक आजी आहे. आता ती नातवालाच विचारते, "तू कुणाचा रे?" जेवून उठली तरी 'मला वाढलेच नाही' म्हणते. पण टाळ कानी पडले की अभंगामागून अभंग म्हणत सुटते! घरच्यांना वाटते, म्हातारी सोंग करते. या गैरसमजापायी पुष्कळ घरांत आजी-आजोबांना उगाच बोलणी खावी लागतात.

हा स्मृतिभ्रंश, मेंदूचा आजार. त्याच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकाराचे वर्णन आलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ साली केले. यात मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग लवकर झिजतो. रोजच्या घटनांची नोंद ठेवणारा जणू हा कारकून. कारकूनच आजारी, मग सकाळचे जेवण वहीत चढणार कसे?

गाण्याची आठवण मात्र एकाच वहीत नसते. शब्द, चाल, ताल, टाळ धरणाऱ्या हातांची सवय यांत मेंदूचे निरनिराळे भाग गुंतलेले असतात. जुनी ओळखीची गाणी ऐकताना मेंदूचे कोणते भाग काम करतात, हे जर्मनीतील लाइप्झिगच्या संशोधकांनी शोधले. अल्झायमरच्या रुग्णांत ते भाग त्यामानाने कमी झिजतात, असे त्यांना २०१५ साली दिसले.

मग आपण काय करावे? नुसता रेडिओ लावून आजीला एकटीला बसवू नका, तिच्याबरोबर गा. गाणे तिच्या तरुणपणचे हवे, तुमच्या आवडीचे नव्हे. कुणाला अभंग, कुणाला जात्यावरची ओवी, तर कुणाला सिनेमातले गाणे! टीव्ही बंद करा, समोर बसा, टाळ तिच्या हाती द्या. लय संथ ठेवा. ओळ सुरू करून थांबा; पुढचे शब्द आले नाहीत तर आपणच म्हणा. परीक्षा घेऊ नका. ओवीतून सासुरवासही आठवतो. ती रडू लागली, त्रासली, तर थांबा.

याने रोग हटत नाही, उदासपणा थोडा कमी होतो. गाणे संपल्यावर आजी पुन्हा विचारील, "तू कुणाचा रे?" नाव सांगा आणि दुसरा अभंग सुरू करा.