परभाषा शिकविण्याची पूर्वतयारी

उन्हाळ्याच्या सुटींत परदेशांतील शाळांमध्यें कांहीं आठवडे इंग्रजी शिकविण्यास जाणारे तरुण आज आपणांतही आढळतात. ज्यास इंग्रजी बोलतां येतें त्यास तें शिकवितांही येतें, असा पुष्कळांचा समज असतो. आमच्या मतें हा समज अपुरा आहे.

मावळांत लोणावळ्याजवळ कुरवंडे नांवाचें गांव आहे. त्याच्या शेजारच्या कड्यास गांवकरी नागफणी म्हणतात. इंग्रजांनीं त्यासच 'ड्यूक्स नोज' हें नांव दिलें. एकास तेथें नागानें काढलेला फणा दिसला, दुसऱ्यास ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांचें बांकदार नाक. कडा एकच, पण ज्याच्या मनांत जें होतें तेंच त्याच्या शब्दांत उतरलें. यास्तव आपला शब्द देण्यापूर्वीं शिकणाऱ्याच्या मनांत काय आहे, याची चौकशी शिक्षकानें केली पाहिजे.

पहिली तयारी ही कीं, त्या देशाची भाषा थोडी तरी शिकावी. जपानी मुलास 'राइट' आणि 'लाइट' यांतील भेद ओळखणें कठीण जातें. कारण त्याच्या भाषेंत 'र' आणि 'ल' हे वेगळे वर्ण नाहींत. त्यास आपण हंसूं नये. 'व्हेस्ट' म्हणजे बंडी आणि 'वेस्ट' म्हणजे पश्चिम, हे शब्द आपणही बहुधा एकसारखेच उच्चारतों. जपानींत क्रियापद वाक्याच्या शेवटीं येतें, तसेंच मराठींतही येतें. इंग्रजींतील 'ए' व 'दि' यांसारखीं उपपदें दोन्ही भाषांत नाहींत. म्हणून आपण इंग्रजी शिकतांना कोठें अडखळलों याची यादी मराठी शिक्षकानें केली, तर तीच त्याची उत्तम शिदोरी होईल. ज्यास ही वाट चढावी लागली नाहीं, त्यास तिच्यावरील निसरड्या जागा सहसा ठाऊक नसतात.

या बाबतींत फादर स्टीफन्स यांचें उदाहरण ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. इंग्लंडांत जन्मलेले हे गृहस्थ १५७९ सालीं गोव्यास आले. लोकांस सांगावयाचें तें त्यांच्याच वाणींत सांगतां यावें म्हणून शिक्षक होण्यापूर्वीं ते विद्यार्थी झाले. त्यांचें मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीं छापून निघालें.

दुसरी तयारी पाठांची. अवधि थोडा असतो. म्हणून रोज आधीं कालची उजळणी, मग वाक्याचा एकच नवा नमुना आणि शेवटीं त्यावर मुलांचें आपसांत संभाषण, असा क्रम आम्ही सुचवितों. आधीं कान, मग जीभ, मग लेखणी. शंभर शब्द पाठ करविण्यापेक्षां दहा वाक्यें निर्भयपणें बोलतां येणें अधिक मोलाचें. तासांत शिक्षकानें कमी व मुलांनीं अधिक बोलावें. चूक अवश्य सुधारावी, पण बोलणाऱ्याचें धैर्य खचवूं नये. सुटी संपून शिक्षक परतल्यावर मुलाजवळ मुख्यतः तेंच उरतें.

अभ्यास : कुरवंड्याहून नागफणीकडे जाणाऱ्या वाटेचें वर्णन सोप्या इंग्रजींत दहा वाक्यांत लिहावें. सह्याद्रि कधीं न पाहिलेल्या एखाद्यास तें ऐकवून त्यावरून चित्र काढावयास सांगावें. चित्र चुकल्यास ऐकणाऱ्यास दोष न देतां आपलीं वाक्यें पुन्हां लिहावींत.