घरच्या घरी कापडी पिशवी : मापापासून मजुरीपर्यंत

कापडाच्या धंद्यात आमची तीस वर्षे गेली. पण पिशवी कशी शिवावी हे आम्ही उशिरा शिकलो, आणि तेही नुकसान सोसून. मार्च 2018 मध्ये महाराष्ट्र शासनाने प्लास्टिक पिशव्यांवर बंदीची अधिसूचना काढली, तेव्हा एका किराणा दुकानदाराने आमच्याकडे 200 कापडी पिशव्यांची मागणी नोंदवली. आम्ही मांजरपाटाचे तागे उघडले, तुकडे कापून मोहल्ल्यातील चार भगिनींना शिवायला दिले आणि आठवड्यात माल पोचता केला. पंधरा दिवसांत साठ-सत्तर पिशव्या परत आल्या. कापड शाबूत होते, बंद मात्र उखडले होते. शिवणाऱ्या भगिनींचा काही कसूर नव्हता. बंद एका सरळ शिलाईवर लावा, असे आम्हीच सांगितले होते. मजुरी त्यांना पूर्ण दिली व तूट आमच्या खात्यावर लिहिली.

आता कापडाविषयी. पिशवीला कोरा मांजरपाट चांगला. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागांवर असा कोरा माल निघतो. यात खळ असते, म्हणून कापड हाताला जाड व कडक लागते. धुतल्यावर खरे अंग दिसते. तेव्हा ताग्याचा एक कोपरा पाण्यात चोळून पाहिल्याशिवाय सौदा करू नये. बाजारात 'कापडी' म्हणून जी न विणलेली, दाबून केलेली पिशवी मिळते ती बहुधा पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच असते. केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांत तिला चौरस मीटरला किमान 60 ग्रॅम वजनाची अट घातली आहे. गिऱ्हाईक विचारील तेव्हा हा फरक सांगता आला पाहिजे.

कापण्यापूर्वी कापड रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून इस्त्री करावी. कोरे कापड लांबीत आटते. आमच्या अनुभवात शेकडा पाच ते आठ. हे आधी न केल्यास पहिल्या धुण्यात पिशवी वेडीवाकडी होते व गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही.

माप असे. तयार पिशवी 14 इंच रुंद, 16 इंच उंच धरू. बूड घडीचे ठेवायचे, तेथे शिवण नाही, म्हणून पुढची-मागची बाजू मिळून एकच तुकडा लागतो : रुंदी 15 इंच आणि लांबी 35 इंच. ताण्याचे उभे सूत पिशवीतही उभेच ठेवावे, कारण वजन त्याच दिशेने ओढते. 36 इंच पन्ह्याच्या कापडातून 35 इंच लांबीचा तुकडा घेतला की 15 इंचांचे दोन तुकडे निघतात व 6 इंचांची पट्टी उरते. या पट्टीच्या 3 इंचांच्या दोन पट्ट्या करून प्रत्येक मधोमध कापली की साडेसतरा इंचांचे चार बंद झाले, म्हणजे दोन्ही पिशव्यांचे काम भागले. धुतल्यावर पन्हा थोडा आत आला तर पट्टी अरुंद होईल, पिशवीचे माप मोडू नये. हे बंद हातात धरण्यापुरते आहेत; खांद्यावर अडकवायची पिशवी हवी असेल तर बंदाचे कापड वेगळे धरावे लागते.

शिवताना सुई 16 नंबरची, टाके इंचाला आठ-नऊ. टाके फार बारीक घेतले तर मजबुती वाढत नाही, उलट जाड कापडात भोकांची रांग पडून ते तेथेच फाटते. प्रथम बंदाची पट्टी चौघडी करून दोन्ही कडांना शिलाई मारावी. मग तुकडा सपाट असतानाच दोन्ही टोकांना तोंडाची दुमड घ्यावी, आधी अर्धा इंच व मग एक इंच. बंदाचे टोक या दुमडीच्या आत इंचभर सरकवून खालची शिलाई मारावी, बंद वर उलटवावा आणि त्यावर चौकोन शिवून आत फुली घालावी. ही फुली म्हणजेच आमच्या परत आलेल्या पिशव्यांत जे नव्हते ते. बंद बाजूच्या कडेपासून साडेचार इंचांवर यावा.

आता बाजू. तुकडा सुलट बाजू बाहेर ठेवून दुमडावा व दीड सुतावर शिलाई मारावी. दोरे छाटून पिशवी उलटवावी आणि आतून अडीच सुतांवर दुसरी शिलाई मारावी. कापडाची कड आत बंद होते, दोरे सुटत नाहीत. उर्दू शाळेत असताना आमच्या दप्तराचा थैला आईने असाच शिवला होता. तो आठवीपर्यंत टिकला.

हिशेब मात्र बहुतेक घरांत चुकतो. समजा मांजरपाट मीटरला 60 रुपये आहे. दहा मीटर म्हणजे सुमारे 394 इंच. कागदावर 35 इंचांचे 11 तुकडे, 22 पिशव्या. पण शेकडा सात आटल्यावर 366 इंच उरतात, म्हणजे 10 तुकडे व 20 पिशव्या. कापड पिशवीमागे 27 नव्हे, 30 रुपये पडले. दोरा, सुई, वीज मिळून 3 रुपये धरू. घरी शिवणारी भगिनी म्हणते, 33 ला पडली, 40 ला विकली, 7 रुपये नफा. तो नफा नाही, ती तिची मजुरी आहे. एका पिशवीला वीस मिनिटे लागली तर तासाला 21 रुपये झाले, आणि धुणे, इस्त्री, कापणी यांचा वेळ त्यात धरलेलाच नाही. मशीनची झीज वेगळीच.

आम्ही आता पिशवीमागे 15 रुपये मजुरी धरतो आणि त्यावर आमचा नफा चढवून भाव सांगतो. काही दुकानदार निघून जातात. जे थांबतात त्यांना नमुन्याची पिशवी देऊन सांगतो, पाच किलो साखर भरा, दिवसभर खिळ्याला टांगून ठेवा, मग ऑर्डर द्या.