जास्वंद अशी लावावी

आमच्या परसात लाल जास्वंदीचं मोठं झाड होतं. आजी लग्न होऊन या घरी आली, तेव्हा पहिल्याच पावसाळ्यात तिने माहेराहून एक फांदी आणून लावली होती. तेच ते झाड. गणेश चतुर्थीला सगळी आळी फुलं न्यायला आमच्याकडे यायची.

गेल्या वर्षी मे महिन्यात बाबांनी ठरवलं, की दिवाळीनंतर परसात नवी खोली बांधायची. झाड नेमकं त्याच जागेवर. आजी काही बोलली नाही, पण मला फार वाईट वाटलं.

मी बाईंना विचारलं, "बाई, जास्वंदीचं बी धरून ठेवू का?" बाई हसल्या. म्हणाल्या, "तुझ्या जास्वंदीला कधी बी आलेलं पाहिलंस का?" मी आठवून पाहिलं. खरंच, कधीच नाही!

मग बाईंनी वर्गात एक फूल उलगडून दाखवलं. पाच पाकळ्या असतात. मधून एक लांब दांडी बाहेर येते. तिच्यावर पिवळे परागकोश असतात आणि टोकाला पाच लाल ठिपके, त्यांना कुक्षी म्हणतात. भेंडी, कापूस आणि अंबाडी ही जास्वंदीचीच भावंडं, सगळी एकाच कुळातली. भेंडीला बी येतं, कापसाला सरकी येते. पण आपल्या अंगणातल्या जास्वंदीला सहसा बी धरत नाही. म्हणून ती फांदीपासूनच वाढवतात. फांदीपासून आलेलं झाड हुबेहूब मूळ झाडासारखंच असतं. म्हणजे आजीचं झाड वाचवता येणार होतं!

बाईंनी सांगितलेली रीत अशी :

१. पावसाळ्याच्या सुरुवातीला पेन्सिलीएवढी जाड, निरोगी फांदी घ्यावी. अगदी कोवळी नको, जून लाकूडही नको.

२. वीतभर लांबीचा तुकडा करावा. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, धारदार सुरीने तिरका घ्यावा. सुरी मोठ्या माणसांकडून चालवून घ्यावी.

३. खालची पानं काढावीत. शेंड्याची दोन-तीन ठेवावीत. मोठी असली तर अर्धी कापावीत, म्हणजे पाणी कमी उडतं.

४. माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळून डब्यात भरावं. डब्याला खाली भोक हवंच. फांदीचे दोन डोळे मातीत जातील अशी ती खोचावी आणि माती दाबावी.

५. डबा सावलीत ठेवावा. माती ओलसर असावी, चिखल नको.

आषाढात मी आठ फांद्या लावल्या आणि इथेच माझी चूक झाली. मुळं फुटली का ते बघायला मी रोज शाळेतून आलो की एकेक फांदी उपटून बघायचो. शिवाय पाणीही भरपूर घालायचो. पंधरा दिवसांत पाच फांद्या काळ्या पडून कुजल्या. आजी म्हणाली, "अरे, रोज उपटून बघितलं तर ते बिचारं जगंल कसं?" नव्या मुळांचे बारीक तंतू उपटताना तुटतात, हे मला तेव्हा कळलं. मग उरलेल्या तिघांना मी हातही लावला नाही. महिनाभराने डोळ्यांतून हिरवे कोंब आले आणि ते वाढायला लागले.

पुढची निगाही सांगतो. रोप नीट वाढलं की भरपूर ऊन येईल अशा जागी लावावं. सावलीत पानं खूप येतात, फुलं कमी येतात. फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून मधूनमधून छाटणी करावी. पाणी फार झालं किंवा फार कमी पडलं, तरी कळ्या गळतात. शेंड्यावर कापसासारखी पांढरी कीड दिसली, तर तो भाग पाण्याच्या धारेने धुवावा आणि साबणाचं पातळ पाणी शिंपडावं.

दिवाळीनंतर झाड तोडलं. त्या दिवशी आजी घरातच बसून राहिली. पण आता एक रोप नहाणीजवळ आहे, एक आत्याकडे आहे आणि तिसरं आपल्या शाळेच्या पाण्याच्या टाकीशेजारी आहे. नहाणीजवळच्या रोपाला परवा पहिलं फूल आलं. आजीने ते काढलं नाही. म्हणाली, "आजचा दिवस राहू दे झाडावर."

मित्रांनो, तुमच्या घरचं झाड काढायचं ठरलं, तर आधी त्याची फांदी लावा. आणि लावली की उपटून बघू नका!

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी