संगणक जाळ्यांचे प्रकार व शेतीतील उपयोग

माहितीच्या देवाणघेवाणीसाठी दोन किंवा अधिक संगणक जोडले की संगणक जाळे, म्हणजेच नेटवर्क, तयार होते. कालवा, वितरिका आणि शेतचारी यांचे क्षेत्र जसे वेगळे, तसेच जाळ्यांचेही असते.

१) वैयक्तिक जाळे (पॅन) : मोबाईलमधील ब्लूटूथ हे याचे उदाहरण. पल्ला साधारण १० मीटर.

२) स्थानिक जाळे (लॅन) : सोसायटीच्या कार्यालयातील संगणक व प्रिंटर यात जोडलेले असतात. नेहमीच्या तांब्याच्या केबलची एक लांबी १०० मीटरपेक्षा जास्त ठेवू नये. वाय-फाय हेही स्थानिक जाळेच. मात्र भिंती व दाट झाडांमुळे त्याचा पल्ला घटतो.

३) महानगर जाळे (मॅन) : एका शहरातील कार्यालये जोडते.

४) विस्तृत जाळे (वॅन) : बँकांच्या दूरदूरच्या शाखा जोडते. इंटरनेट हे सर्वांत मोठे विस्तृत जाळे होय. १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेला ई-नाम हा बाजार त्यावरच चालतो. आपल्याकडे १९९८ मध्ये वारणा परिसरातील सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला. ऊस उत्पादकांना आपल्या उसाची माहिती गावातच मिळू लागली. पुढे काही गावांत संगणकाऐवजी मोबाईलच्या एसएमएसचा प्रयोगही झाला.

स्वयंचलित ठिबक घेताना घ्यावयाची काळजी

घरातील वाय-फाय दूरच्या विहिरीपर्यंत पोहोचेलच असे नाही. संच चालला नाही तर खर्च वाया जातोच, शिवाय ऐन फुलोऱ्यात पिकाला पाण्याचा ताण बसतो. म्हणून :

अ) मोबाईल सिमवर चालणारा संच असल्यास पंपाजवळ त्याच कंपनीची रेंज आधी तपासावी.

ब) शेतभर ओलावामापक बसवायचे असल्यास लोरा पद्धतीची चौकशी करावी. मोकळ्या रानात तिचा पल्ला काही किलोमीटर असतो व वीज कमी लागते. मात्र ती थोडीच माहिती वाहून नेते. कॅमेऱ्याचे चित्रण तिच्यावर चालत नाही.

क) रेंज गेली तरी पाण्याच्या पाळ्यांचे वेळापत्रक संचातच साठलेले असावे. विहिरीचे पाणी संपल्यास पंप बंद करण्याची सोय पंपाजवळच असावी.

ड) हाताने फिरवायचे व्हॉल्व्ह काढून टाकू नयेत.

थोडक्यात, आधी अंतर मोजावे, मग रेंज तपासावी आणि त्यानंतरच संच खरेदी करावा.